अहवालात लोह नाही, मग नळीत थर कुठून आला?

प्रश्न असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या तरुण केमिस्टने विचारलं आहे: "आमचा बॉयलर ८७ किलो दाबाचा. फीड वॉटरमधलं (बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातलं) लोह आम्ही दर मंगळवारी तपासतो आणि अहवालात ते कायम 'शोधमर्यादेच्या खाली' असतं. तरीही गेल्या हंगामात वॉटरवॉलची, म्हणजे भट्टीच्या भिंतीतली, एक नळी फुटली. कापून पाहिली तर आत काळा, जाड थर. आता ऑनलाइन पार्टिकल काउंटर, म्हणजे पाण्यातले कण सतत मोजणारं यंत्र, घ्यायचं चाललंय. घ्यावा का? कुठे बसवावा?"

यंत्र जरूर घ्या, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी सॅम्पल लाइन (नमुन्याचं पाणी आणणारी नळी) दुरुस्त करायची आहे, चाचणीची पद्धत बदलायची आहे, आणि मंगळवारचा हट्ट सोडायचा आहे. हे तीन न करता लाखाचं यंत्र बसवलंत तर तेही तुम्हाला 'सगळं ठीक' असंच सांगत राहील, आणि पुढच्या वेळी नळी फुटेल तेव्हा त्याच्यावरचाही विश्वास उडेल.

माझी नोकरी मोठ्या औष्णिक संचांवर गेली. एकलहऱ्याला आहेत तशा २१० मेगावॅटच्या, ड्रम बॉयलरच्या संचांवर, पण नाशिकबाहेर. निवृत्तीनंतर नाशिकरोडला राहायला आल्यापासून दोन-तीन सहवीज प्रकल्पांची पाणीरसायनं जवळून पाहिली. मोठा संच आणि तुमचा बॉयलर यांत फरक बराच आहे, पण लोखंड गंजतं कसं, वाहतं कसं आणि बसतं कुठे, याचे नियम दोन्हीकडे एकच आहेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचा अहवालही खोटा नाही आणि तुमची नळीही खोटी नाही. दोन्ही खरं असू शकतं, कारण फीड वॉटरमधलं लोह मिठासारखं विरघळून येत नाही. पीएच ९ च्या आसपास असलेल्या पाण्यात लोह विरघळतं ते अगदी नगण्य. बाकीचं जवळजवळ सगळं येतं ते ऑक्साइडच्या बारीक कणांच्या रूपात. आणि कण एकसारखे येत नाहीत, ते लोंढ्याने येतात. जूनमधल्या पहिल्या दणक्याच्या पावसात नासर्डी नदीला काय वाहून येतं ते नाशिककरांना ठाऊक आहे. आठ महिने जे पात्रात साचलेलं असतं ते सगळं एका दुपारी खाली जातं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुलावरून बाटलीभर पाणी घेतलंत तर ते बऱ्यापैकी निवळलेलं दिसेल, पण म्हणून काल काही वाहून गेलंच नाही असं थोडंच आहे? तुमचा मंगळवार सकाळी अकराचा नमुना हा असा दुसऱ्या दिवशीचा नमुना आहे. संच स्थिर, लोड स्थिर, सगळे जागेवर. कणांची वेळ ती नाहीच. त्यांची वेळ म्हणजे लाइट-अपनंतरचे, म्हणजे बॉयलर पेटवल्यानंतरचे, पहिले तास, लोड भराभर चढवतानाचा काळ, टर्बाइन ट्रिप झाल्यानंतरचा अर्धा तास, राखीव फीड पंप चालू केल्याची मिनिटं.

आकड्यात बघू. तुमचा बॉयलर ताशी १०० टन वाफ देतो असं धरा. फीड वॉटरमध्ये स्थिर चालीत २० पीपीबी (अब्ज भागांत २० भाग) लोह असेल, तर तासाला २ ग्रॅम लोह बॉयलरमध्ये शिरतं. गळीत हंगाम १५० दिवसांचा धरला तर ३६०० तासांत ७.२ किलो लोह, म्हणजे मॅग्नेटाइटच्या (काळ्या लोह ऑक्साइडच्या) रूपात जवळपास १० किलो. ब्लोडाउनने, म्हणजे बॉयलरमधलं थोडं पाणी मुद्दाम बाहेर सोडून, यातलं थोडंच बाहेर जातं. बाकीचं बसतं, आणि जिथे उष्णता सगळ्यात जास्त लागते त्या नळ्यांत आधी बसतं. आता एक स्टार्ट-अप घ्या. अर्ध्या लोडवर, ताशी ५० टन, लोह १००० पीपीबी, असे सहा तास. म्हणजे ३०० ग्रॅम. स्थिर चालीच्या सहा दिवसांहून जास्त लोह एका रात्रीत आत गेलं. बंद संच चालू करताना १००० पीपीबी हा काही अचाट आकडा नव्हे. ऊस आला नाही म्हणून, मिल बिघडली म्हणून, अवकाळी पावसात तोड थांबली म्हणून हंगामात तुमचा बॉयलर किती वेळा बसतो आणि उठतो ते मोजा. त्यातल्या एकाही रात्रीचा आकडा तुमच्या वहीत नसेल.

आता 'शोधमर्यादेच्या खाली' याबद्दल. तुम्ही चाचणी कशी करता ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक ठिकाणी जे पाहिलं ते असं: प्लास्टिकच्या बाटलीत नमुना घेतला, दुपारी जेवणानंतर टीपीटीझेड किंवा फेरोझीन या रसायनाने रंग आणला, एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (रंग मोजायच्या पात्रात) वाचलं. यात तीन चुका आहेत. पहिली, कण बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि तळाला बसतात. म्हणून बाटली आधी ॲसिडने धुतलेली हवी आणि नमुना घेताक्षणीच त्यात ॲसिड घालून पीएच २ च्या खाली न्यायला हवा. दुसरी आणि सगळ्यात मोठी, रंग आणणारी रसायनं विरघळलेल्या लोहाशीच बोलतात. मॅग्नेटाइटचा कण त्यांच्यासमोर तसाच तरंगत राहतो आणि रंग काही येत नाही. नमुना आधी थायोग्लायकॉलिक ॲसिड घालून किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये तापवून कण पूर्ण विरघळवावे लागतात, त्यानंतरच चाचणी. ही पायरी गाळली तर तुम्ही एकूण लोहाचा लहानसा तुकडा मोजता आणि तोच पूर्ण समजता. तिसरी, एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये काही पीपीबीचा रंग दिसतच नाही. पाच किंवा दहा सेंटिमीटरचा क्युव्हेट घ्या. आणि प्रत्येक वेळी ब्लँक (नमुन्याशिवाय तीच चाचणी) करा, अगदी प्रत्येक वेळी. बाटली, ॲसिड, डीएम (क्षार काढलेलं) पाणी यांपैकी कशातूनही लोह येऊ शकतं.

सॅम्पल लाइनबद्दल मला जरा विस्ताराने सांगायचं आहे, कारण माझी सगळ्यात महाग चूक तिथली आहे.

मी शिफ्ट केमिस्ट होतो तेव्हा आमच्याकडे पद्धत होती की सॅम्पल लाइनचा व्हॉल्व्ह नमुना घ्यायच्या आधी पाच मिनिटं उघडायचा, पाणी सोडायचं आणि मग बाटली भरायची. डीएम पाणी वाया जातं म्हणून एरवी व्हॉल्व्ह बंद. मीही तसंच केलं, वर्षानुवर्षं केलं. एका हिवाळ्यात लोहाचे आकडे वरखाली उड्या मारायला लागले. एके दिवशी ४, एके दिवशी ६०, परत ७. ऑपरेशनवाले म्हणायचे लॅबचा घोळ आहे, आम्ही म्हणायचो संचाचा. शेवटी एका वरिष्ठांनी सांगितलं की व्हॉल्व्ह उघडा आणि आठवडाभर बंदच करू नका. पहिला दिवस आकडे नुसते भरकटत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ते खाली येऊन स्थिरावले. इतकी वर्षं आम्ही फीड वॉटर मोजतच नव्हतो. आम्ही मोजत होतो सॅम्पल लाइनमध्ये बसलेला गाळ. कधी तो निघून यायचा तेव्हा ६०, कधी पाण्यातले कण उलट त्या नळीतच बसायचे तेव्हा ४. त्या काळातल्या आमच्या वह्यांतला लोहाचा एकही आकडा मी आज कुणाला खात्रीने दाखवू शकत नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्याच वर्षांमध्ये त्या संचाच्या नळ्या आतून भरत होत्या.

नळीतून कण वाहत राहावेत, बसू नयेत आणि बसलेले उखडू नयेत यासाठी पाण्याला एक ठराविक वेग लागतो. सर्वसाधारणपणे मान्य असलेला वेग सेकंदाला १.८ मीटर. नळीचा आतला व्यास ४.५ मिलीमीटर असेल तर हे मिनिटाला साधारण १.७ लिटर होतं. हा प्रवाह रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. वेग महत्त्वाचा आहेच, पण वेगाचं सातत्य त्याहून महत्त्वाचं. व्हॉल्व्ह थोडा जरी फिरवला तरी नळीतला समतोल बिघडतो आणि पुढचे काही तास तुम्ही जे मोजता ते संचाचं नसतं. त्यामुळे लाइनवर पीएच मीटर लावण्यासाठी कुणी प्रवाह कमी करणार असेल, तर त्याला वेगळा फाटा द्या. पाणी वाया जाईल ही भीती असते, ती रास्तही आहे. ताशी शंभर लिटर डीएम पाणी म्हणजे गंमत नाही. ते परत कंडेन्सेटच्या (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) टाकीत किंवा डीएम प्लांटच्या फीड टाकीत वळवण्याची पाइप टाका. खर्च एका नळीच्या वेल्डिंगएवढा येईल.

नळी स्टेनलेस स्टीलची असावी, शक्य तितकी आखूड, वळणं कमी, उतार एका दिशेने. सॅम्पल कूलरमधून बाहेर येणारं पाणी २५ अंशांच्या आसपास स्थिर असावं. मुख्य पाइपमध्ये नमुना घेणारं टोक नुसतं भिंतीतून निघालेलं नसावं. ते पाइपच्या आत शिरलेलं, प्रवाहाकडे तोंड केलेलं असावं, आणि त्याच्या तोंडाशी पाण्याचा वेग मुख्य पाइपमधल्या वेगाइतकाच असावा. नाहीतर जड कण आणि हलके कण वेगवेगळ्या प्रमाणात नमुन्यात येतात. जुन्या बांधणीत हे टोक बदलणं पुढच्या ऑफ-सीझनलाच जमेल, ते ठीक आहे. पण व्हॉल्व्ह उघडा ठेवणं उद्या सकाळपासून जमतं.

लाइन सुधारली की मेम्ब्रेन फिल्टर. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाला यापेक्षा उपयोगी दुसरं काही नाही. ०.४५ मायक्रॉनचा, ४७ मिलीमीटर व्यासाचा पांढरा पॅड. सॅम्पल लाइनला होल्डर जोडायचा आणि ठरलेलं पाणी त्यातून जाऊ द्यायचं. स्टार्ट-अपला एक लिटर पुरतं, पॅड लगेच रंगतो. स्थिर चालीत दहा लिटर किंवा त्याहून जास्त सोडा. काही तास सलग चालू ठेवलात तर आणखी उत्तम, कारण मग एका क्षणाचा नव्हे, त्या सगळ्या तासांचा हिशेब पॅडवर येतो. पॅड चिमट्यानेच उचला, बोटाने नाही. वाळवा, ॲसिडमध्ये विरघळवून लोह मोजा, आणि किती लिटर गेले त्याने भागा. विरघळलेलं लोहही हवं असेल तर खाली आयन-एक्स्चेंजचा पॅड लावतात, पण सुरुवातीला त्यात अडकू नका.

आणि मोजण्याच्या आधी पॅडकडे नीट बघा. काळा किंवा करडा पॅड म्हणजे मॅग्नेटाइट, ऑक्सिजन कमी असलेल्या गरम पाण्यातून आलेलं. लाल, तांबूस किंवा नारिंगी म्हणजे हेमॅटाइट आणि त्याचे भाऊबंद. ते हवा लागलेल्या, ओल्या, बंद पडून राहिलेल्या लोखंडाचं गंजणं. पिवळसर झाक असेल तर ताजा, पाणी धरलेला गंज. एका स्टार्ट-अपचे पॅड तासातासाने ओळीने लावले की एक गोष्ट उलगडते. सुरुवातीला विटेसारखे लाल, मग तपकिरी, मग काळे, मग करडे होत होत जवळपास पांढरे. लाल असतानाचं कंडेन्सेट बॉयलरकडे वळवू नये, ते गटारात सोडावं. हे ठरवायला केमिस्टला प्रयोगशाळेत जाऊन दोन तासांनी आकडा आणायची गरज नाही, होल्डर उघडून पॅड शिफ्ट इंजिनियरच्या टेबलावर ठेवला की पुरे. मी पाहिलंय, आकडा सांगितला की लोक वाद घालतात. पॅड दाखवला की फोन उचलून "ड्रेन करा" म्हणतात.

स्थिर चालीत, चांगल्या पाण्यावर, पॅड काळाच येत राहिला तर मात्र प्रकरण वेगळं आहे. मग कुठली तरी पाइप आतून झिजते आहे. याकडे पुढे येतो, आधी तुमच्या यंत्राबद्दल.

कण पाहणारी यंत्रं तीन जातींची. टर्बिडिटी मीटर पाण्यातून प्रकाश सोडतो आणि काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजतो. स्वस्त, ओळखीचा. पण मॅग्नेटाइट काळं असतं, ते प्रकाश विखुरण्याऐवजी गिळतं, त्यामुळे तेवढ्याच लोहाला लाल कणांपेक्षा काळ्या कणांचं वाचन कमी येतं. पार्टिकल काउंटर एकेक कण मोजतो आणि आकारानुसार वर्गवारी करतो. ऐकायला भारी, पण नेहमीच्या काउंटरला साधारण दोन मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही, आणि गंजाच्या कणांतला मोठा हिस्सा त्याहून बारीक असू शकतो. तिसरा पार्टिकल मॉनिटर. तो वाहत्या पाण्यातून एक अरुंद किरण सोडतो आणि पलीकडे पोचणाऱ्या प्रकाशातले चढउतार बघतो. कण जितके जास्त तितका प्रकाश जास्त थरथरतो. काच थोडी मळली तरी वाचन फारसं बिघडत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की तो देतो तो नुसता निर्देशांक, त्याला पीपीबीचं एकक नाही.

याला दोष म्हणणाऱ्यांना मी दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवतो. पुरात गोदावरीतून किती क्युसेक पाणी चाललंय हे मारुतीची मूर्ती सांगत नाही. पण पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं, एवढं ऐकलं की भांडीबाजारातला दुकानदार माल वर हलवायचा की नाही ते ठरवतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि मारुतीला पाणी कुठवर आलं याची सांगड नाशिकने वर्षानुवर्षं पाहून घातली आहे. तुम्हालाही तीच सांगड घालायची आहे. यंत्र चालू असताना वेगवेगळ्या वेळी पॅड घ्या, स्थिर चालीत, लोड चढताना, स्टार्ट-अपला. पॅडचे पीपीबी आणि त्याच वेळचं यंत्राचं वाचन एका कागदावर मांडा. पंधरा-वीस जोड्या झाल्या की तुमच्या संचापुरता तक्ता तयार होतो. दुसऱ्या प्रकल्पाचा तक्ता तुम्हाला चालणार नाही, आणि कंपनीचा विक्रेता देईल तोही नाही, कारण कणांचा रंग आणि आकार प्रत्येक संचाचा आपला असतो.

तिन्हीपैकी निवडायचं झालं तर तुमच्यासाठी मी पार्टिकल मॉनिटर निवडेन. मात्र एक सांभाळा: बुडबुडे. दाबातून बाहेर आलेल्या पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सुटतात आणि प्रकाशाच्या यंत्राला बुडबुडा आणि कण सारखेच. यंत्राच्या पुढे, म्हणजे बाहेर जाण्याच्या बाजूला, थोडा रोध ठेवून पाणी दाबाखाली ठेवा. यंत्र अचानक आकाशाला भिडलं आणि पॅड मात्र पांढराच, असं झालं तर आधी बुडबुडे शोधा.

जागा: एकच यंत्र असेल तर इकॉनॉमायझरच्या (फीड वॉटर तापवणाऱ्या भागाच्या) तोंडाशी, म्हणजे बॉयलरमध्ये जे जातं ते दिसेल. पण तुमच्या प्रकल्पात मला दुसरी जागा जास्त खुणावते. इव्हॅपोरेटरच्या (उसाचा रस आटवणाऱ्या यंत्राच्या) पहिल्या बॉडीतून परत येणारं एक्झॉस्ट कंडेन्सेट. तुमच्या फीड वॉटरचा फार मोठा हिस्सा तिथून येतो आणि औष्णिक केंद्रात असं काही नसतंच. लांबच लांब साध्या लोखंडाच्या पाइप, मधल्या टाक्या, कुठेतरी हवा लागते, कुठेतरी थंड होतं. वाफेबरोबर आलेला कार्बन डायऑक्साइड या कंडेन्सेटमध्ये विरघळला की पीएच घसरतो आणि लोह सुटायला लागतं. त्यात साखरेचा अंश आला तर विचारायलाच नको. तुमच्याकडे दर तासाला साखर ओळखणारी अल्फा नॅफ्थॉलची चाचणी होते, जांभळी कडी दिसली की कंडेन्सेट वळवतात. तेव्हा सगळ्यांचं लक्ष ड्रमचा (बॉयलरमधल्या पाणी-वाफेच्या टाकीचा) पीएच सांभाळण्यावर असतं, कारण साखर बॉयलरच्या तापमानाला तुटून सेंद्रिय आम्लं तयार होतात. पीएच कॉस्टिक देऊन सावरतात आणि प्रकरण मिटलं समजतात. माझी विनंती आहे की अशा प्रत्येक घटनेनंतर पुढचे बारा तास पॅड घ्या. पीएच तासाभरात वर येतो, पण तोवर आम्ल लागलेल्या धातूवरून सुटलेले कण नंतरही येत राहतात. जुन्या इव्हॅपोरेटरच्या नळ्या पितळी असतील तर पॅडवरचं तांबंही तपासा. तांबं डोळ्याला दिसत नाही, लोहाच्या काळ्यात लपून जातं.

आता तो स्थिर चालीतला काळा पॅड. वेगाने वाहणारं, ऑक्सिजन जवळजवळ नसलेलं गरम पाणी साध्या लोखंडावरचा मॅग्नेटाइटचा संरक्षक थर सतत विरघळवत राहतं, आणि धातू तो थर पुन्हा पुन्हा बांधताना स्वतः पातळ होत जातो. याला आम्ही एफएसी (फ्लो-ॲक्सिलरेटेड कॉरोजन, म्हणजे प्रवाहाने वाढणारी झीज) म्हणतो. तिचा जोर १५० अंशांच्या आसपास सगळ्यात जास्त. पाण्यातली हवा काढणाऱ्या डीएरेटरपासून इकॉनॉमायझरपर्यंतचा तुमचा सगळा पट्टा याच्या टप्प्यात येतो. फीड कंट्रोल व्हॉल्व्हनंतरचं पहिलं वळण, ओरिफिसच्या (पाइपमधल्या अरुंद भोकाच्या चकतीच्या) पुढची पाइप, पंपाची रीसर्क्युलेशन लाइन, हीटरच्या ड्रेनच्या पाइप, या जागा पहिल्यांदा बघायच्या. पाइप बाहेरून ठणठणीत दिसते, गळत नाही, टिपूस नाही. एके दिवशी सरळ फाटते.

९ डिसेंबर १९८६ ला अमेरिकेतल्या सरी अणुवीज केंद्रात अशीच एक वळणाची पाइप फाटली आणि चार कामगार भाजून मरण पावले. ९ ऑगस्ट २००४ ला जपानमधल्या मिहामा केंद्राच्या तिसऱ्या संचात ओरिफिसच्या पुढची पाइप फाटली, पाच माणसं गेली. ती पाइप मूळची १० मिलीमीटर जाडीची होती, फाटली तेव्हा काही ठिकाणी दीड मिलीमीटरही उरली नव्हती. १९७६ ला संच चालू झाल्यापासून त्या जागेची जाडी कुणी मोजलीच नव्हती. दोन्ही ठिकाणी अणुभट्टीशी संबंध नव्हता. साधं फीड-कंडेन्सेटचं पाणी, तुमच्याकडे आहे तसं. त्या पाइपमधून निघून गेलेलं लोखंड वर्षानुवर्षं कणाकणाने पाण्यातून वाहत होतं. म्हणून पॅड सतत काळा येतो तेव्हा मी बॉयलरच्या थराची काळजी दुसऱ्या क्रमांकावर टाकतो. पहिलं काम अल्ट्रासॉनिक जाडीमापक घेऊन त्या वळणांवर माणूस पाठवायचं.

इथे एक गैरसमज दूर करतो. लोह वाढलं की पुष्कळ जण ऑक्सिजन मारणारं रसायन वाढवतात. एफएसी चालू असेल तर हे उलटं पडतं, कारण पाणी जितकं ऑक्सिजनरहित तितका तो थर सहज विरघळतो. उपाय असतो पीएच वर नेण्यात. तांबं-पितळ कुठेच नसेल तर फीड वॉटरचा पीएच ९.२ ते ९.६ ठेवता येतो. तांब्याचे भाग असतील तर इतका वर नेता येत नाही, तिथे तडजोड करावी लागते. वाफ आणि पाणी दोन्ही एकत्र असतात अशा ड्रेनच्या पाइपमध्ये नुसता अमोनिया पुरत नाही, तो वाफेबरोबर निघून जातो आणि पाण्याचा पीएच खालीच राहतो. तिथे अमाइन (पाण्यात जास्त टिकणारं, पीएच वाढवणारं रसायन) लागतं, किंवा पाइपच क्रोमियम असलेल्या स्टीलची बदलावी लागते. सव्वादोन टक्के क्रोमियम असलेल्या स्टीलला एफएसी जवळजवळ शिवत नाही. झिजलेलं वळण बदलताना पुन्हा साधंच लोखंड घालू नका, एवढं इंजिनियरिंग विभागाला आवर्जून सांगा. आणि साखर कारखान्यात जिथे वाफ रसाला किंवा साखरेला थेट लागते तिथे हायड्राझीन वापरूच नका. अमाइनही अन्नासाठी मान्य असलेलंच हवं.

मर्यादा किती, हेही लोक विचारतात. मोठ्या संचांत आता फीड वॉटरमध्ये २ पीपीबी आणि ड्रमच्या पाण्यात ५ पीपीबीच्या खाली एकूण लोह हे ध्येय धरतात. जुन्या तक्त्यांत १० ते २० पीपीबी चालायचं. तुमच्या कंडेन्सेटच्या गुंतागुंतीत २ गाठणं अवघड आहे, स्थिर चालीत १० च्या खाली राहिलात तरी मी समाधानी असेन. पण आकडा खरा असावा. खरा २५ हा खोट्या 'शोधमर्यादेखाली'पेक्षा कितीतरी कामाचा.

वाफेच्या बाजूचे कण, म्हणजे सुपरहीटरच्या नळ्यांतून सुटणाऱ्या ऑक्साइडच्या पापड्या, हा वेगळा विषय आहे. संच थंड होताना धातू आणि ऑक्साइड वेगवेगळे आकसतात, पापड्या सुटतात आणि पुढच्या स्टार्टला टर्बाइनच्या पहिल्या नोझलवर आदळतात. थंड करून घेतलेल्या वाफेच्या नमुन्यात या पापड्या येतच नाहीत, त्यामुळे लोहाच्या चाचणीने त्या पकडता येणार नाहीत. टर्बाइन उघडाल तेव्हा नोझलच्या कडा बघा, सध्या इतकंच.

तुमच्याकडे आता ऑफ-सीझनचा काळ आहे आणि लाल पॅडचा जन्म इथेच होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा ओली. बॉयलर बहुतेक कारखाने काळजीने बंद करतात. गरम असतानाच रिकामा करून सुकवतात, आत सिलिका जेल किंवा चुन्याचे ट्रे ठेवतात. तो सुकलाय हे नुसतं गृहीत धरू नका. आतल्या हवेची आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आहे का ते मीटर घालून बघा. पण कंडेन्सेटच्या लांब पाइप, फीड टाकी, डीएरेटर, कॅलेंड्रिया (इव्हॅपोरेटरचा नळ्यांचा भाग) यांच्याकडे कोण बघतं? तळाला चार बोटं पाणी, वरती हवा, चार महिने. ऑक्टोबर-नोव्हेंबरला लाइट-अप करता तेव्हा तो सगळा गंज बॉयलरकडे निघतो. या जागा पूर्ण रिकाम्या करून कोरड्या हवेने वाळवणं हे या महिन्यांतलं सगळ्यात मोलाचं काम आहे.

फुटलेल्या नळीचा तुकडा फेकून दिला नसेल तर तो आणा. आगीकडची बाजू आणि मागची बाजू वेगवेगळी करून थराचं वजन काढा, दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम. १५ पर्यंत असेल तर नळी स्वच्छ समजतात, ४० च्या पुढे असेल तर रासायनिक सफाई टाळता येत नाही. फुटलेल्या जागेच्या कडा जाड आणि ठिसूळ आहेत की ताणून पातळ झालेल्या, हेही पाहा. जाड, ठिसूळ कडा असतील तर थराखाली आम्ल साचून हायड्रोजनने धातू पोखरल्याचा संशय धरावा लागेल, आणि मग साखरेच्या घटनांची वही पहिल्या पानापासून काढावी लागेल.

पार्टिकल मॉनिटरचं कोटेशन मागवून ठेवा, पण ऑर्डर हंगामाचा पहिला महिना झाल्यावर. तोवर एक फिल्टर होल्डर, शंभर पॅडचं खोकं आणि दहा सेंटिमीटरचा क्युव्हेट एवढीच खरेदी करा. लाइट-अपच्या रात्री दर तासाला, पुढचे तीन दिवस दर चार तासांनी पॅड घ्या. लोह मोजायला अर्धा पॅड वापरा आणि उरलेला अर्धा वाळवून वहीत चिकटवा. शेजारी तारीख, वेळ, लोड, पीएच आणि किती लिटर पाणी गेलं ते लिहा. ती वही घेऊन नाशिकरोडला या, सोबत फीड लाइनचं ड्रॉइंग आणा. जाडी कुठल्या वळणापासून मोजायला सुरुवात करायची ते आपण त्यावर खुणा करून ठरवू.